घाण्याच्या बैलाचा शनिवार

मुलांनो, जगाच्या निर्मितीची बायबलमधली गोष्ट तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल. ज्यांना नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिल्या दिवशी देवाने उजेड केला. दुसऱ्या दिवशी आकाश करून वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं केलं. तिसऱ्या दिवशी पाणी एकीकडे सरलं, कोरडी जमीन वर आली आणि तिच्यावर गवत, झाडं, फळं उगवली. चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे. पाचव्या दिवशी मासे आणि पाखरं. सहाव्या दिवशी गुरंढोरं, रानातली जनावरं आणि सगळ्यांत शेवटी माणूस, स्त्री आणि पुरुष दोघेही. सातव्या दिवशी मात्र नवीन काहीच नाही. देव थांबला.

मी आठवडाभर प्राथमिक शाळेत शिकवते आणि रविवारी सकाळी आमच्या चर्चमध्ये शब्बाथशाळा घेते. शब्बाथशाळा म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, बरं का. तिथे या गोष्टीची चित्रं काढायला सांगितली की माशांचा आणि ताऱ्यांचा नुसता पाऊस पडतो. सातव्या चौकटीत काय काढायचं, ते मात्र कुणालाच सुचत नाही. एका मुलीने एकदा तिथे खाट काढली. शेजारच्या पठ्ठ्याने चक्क टीव्ही काढला. मी विचारलं, "देव दमला होता का रे?" लगेच वर्गाचे दोन तट पडले. अर्धे म्हणाले, "हो, एवढं सगळं केल्यावर दमणारच!" बाकीचे म्हणाले, "देव कसा दमेल?"

दुसऱ्या तटाचं बरोबर आहे. 'शब्बाथ' हा शब्द मूळ हिब्रू भाषेतला. तो ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ आहे थांबणे, हातातलं काम सोडणे. दमून आडवं पडणं वेगळं आणि आपण होऊन थांबणं वेगळं. शर्यतीत धावताना धाप लागून खाली बसतो ते दमणं. चित्र पूर्ण झाल्यावर ब्रश बाजूला ठेवून दोन पावलं मागे सरकून बघतो ते थांबणं. देवाने केलेलं चांगलं आहे, असं त्या पहिल्या अध्यायात सात वेळा येतं, आणि सातव्या वेळी तर 'फार चांगलं' असं येतं. मोजून बघा हवं तर. म्हणजे बघण्याची सवय सातव्या दिवसाच्या आधीपासूनच होती. सातवा दिवस निव्वळ त्याच्यासाठी राखून ठेवला, एवढंच.

इथे मोठ्या वर्गातलं कुणीतरी हमखास हात वर करतं. "बाई, उजेड पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी, असं कसं? आणि डायनोसॉर कुठे गेले?" प्रश्न चांगला आहे. विचारणाऱ्याला गप्प बसवणारे मोठे लोक मला मुळीच आवडत नाहीत. विश्वाचं वय शास्त्रज्ञ सुमारे १३८० कोटी वर्षं सांगतात. विश्व एका अगदी लहान, दाट अवस्थेतून सुरू झालं असावं, हा विचार मांडणाऱ्यांत बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे अग्रणी होते, आणि ते कॅथलिक धर्मगुरू होते! सकाळी उपासना आणि मग गणितं, दोन्ही करत. काही ख्रिस्ती मंडळी ते सहा दिवस चोवीस तासांचेच मानतात, पुष्कळजण तसं मानत नाहीत. माझं मत विचाराल तर ही गोष्ट घड्याळ लावून वाचायची नाही. विश्व कसं झालं ते विज्ञानाच्या तासाला शिका. ते कुणाचं आहे आणि त्यात आपण कसं राहायचं, ते इथे शिका. असो.

मला या गोष्टीत सर्वांत मौजेची वाटते ती एक साधी बेरीज. माणूस निर्माण झाला सहाव्या दिवशी, जवळजवळ सगळं आटोपल्यावर. मग माणसाच्या आयुष्यातला पहिला पूर्ण दिवस कोणता? सातवा! म्हणजे सुट्टीचा! त्याने अजून एक काडीसुद्धा इकडची तिकडे केली नव्हती. बागेची मशागत आणि राखण हे काम त्याला मिळालं, पण दुसऱ्या अध्यायात. आपल्या घरांत हिशेब नेमका उलटा असतो. आधी गृहपाठ, मग खेळ. आधी पहिला नंबर, मग सायकल. रोजच्या व्यवहारात ते ठीकच आहे, मीही वर्गात तसंच सांगते. पण सातवा दिवस हे बक्षीस नव्हे. तो न कमावता मिळालेला आहे. ज्याचा गृहपाठ अपुरा आहे, त्याचाही आहे.

(आळशी मित्रांनी एवढ्यावर खूश होऊ नये. त्याच आज्ञेत सहा दिवस काम कर, असंही सांगितलेलं आहे!)

हीच गोष्ट पुढे दहा आज्ञांमध्ये आली. मिसर देशातल्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएली लोकांना मोशेमार्फत या आज्ञा मिळाल्या. त्यांतल्या चौथ्या आज्ञेत (कॅथलिक मोजणीप्रमाणे ती तिसरी) शब्बाथ पाळायला सांगितला आहे आणि कारण म्हणून निर्मितीचे सात दिवस दिले आहेत. त्या दिवशी कुणी काम करायचं नाही, त्याची यादीसुद्धा आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी जनावरं आणि तुझ्या गावात राहायला आलेला परका माणूस. बघा, मालक बसला आणि गडी राबतोय, असं चालायचं नाही. गडी बसला आणि बैल राबतोय, असंही नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. इथे तर दर आठवड्याला पोळा!

आणि हे खरोखर कुणी पाळलं का, असं विचाराल, तर पुरावा लांब नाही, आपल्या कोकणात आहे. अलिबाग, नवगाव, रेवदंडा या बाजूच्या गावांतून बेने इस्राएल नावाचा ज्यू समाज कित्येक शतकं राहत आला. त्यांची बोली मराठी, बायकांचं नेसणं आपल्यासारखं, आणि पुष्कळांचा धंदा तेल गाळण्याचा. आपले पूर्वज गलबत फुटून नवगावजवळच्या किनाऱ्याला लागले, धर्मग्रंथही समुद्रात गेले, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. प्रार्थनाही पुष्कळशा विसरल्या. पण शनिवारी घाणा बंद ठेवायचा, हे विसरले नाहीत. गावच्या लोकांना त्यांचा धर्म कोणता ते कळेना. त्यांनी आपलं सोपं नाव ठेवलं, 'शनिवार तेली'! काम काय करतात यावरून नावं पडतात, हे आपण ऐकतो. कधी थांबतात यावरून पडलेलं नाव मला तरी दुसरं माहीत नाही.

तेलाचा घाणा म्हणजे बैल जुंपून गोल गोल फिरवायचा. दिवसभर चालून बैल तिथल्या तिथेच! म्हणून तर मराठीत सारखं राबणाऱ्या माणसाला 'घाण्याचा बैल' म्हणतात. शनिवारी घाणा बंद, म्हणजे तो बैलही मोकळा. त्याला बिचाऱ्याला निर्मितीची गोष्ट कुठे ठाऊक! पण तिचा फायदा त्यालाही मिळाला.

तुम्ही विचाराल, ज्यू शनिवार पाळतात, मग ख्रिस्ती लोकांचा रविवार कसा? ज्यूंच्या मोजणीत शनिवार हा सातवा आणि रविवार हा आठवड्याचा पहिला दिवस. येशू ख्रिस्त मरणातून उठला तो त्या पहिल्या दिवशी, म्हणून ख्रिस्ती लोक रविवारी उपासनेला जमू लागले. पुढे इ. स. ३२१ मध्ये रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने रविवार हा विश्रांतीचा दिवस ठरवला. काही ख्रिस्ती मंडळ्या आजही शनिवारच पाळतात. पुण्याचं स्पायसर विद्यापीठ अशाच एका मंडळीचं, सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्टांचं आहे. सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती लेखक तर रविवारला 'आठवा दिवस' असंही म्हणत. सात दिवसांची निर्मिती झाली, आता नव्या निर्मितीचा पहिला दिवस, म्हणून आठवा. आपल्या मराठीत दिवस सात असूनही आपण 'आठवडा'च म्हणतो ना? या बाजारापासून त्या बाजारापर्यंत दोन्ही टोकं धरून मोजा, आठ होतात.

दिवस पृथ्वीच्या फिरण्यावरून ठरतो, महिना चंद्रावरून, वर्ष सूर्यावरून. आठवड्याला असं आकाशातलं एकच ठरलेलं चाक नाही. म्हणून काही राजवटींना वाटलं, आपणच तो बदलू. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा काढला. विश्रांती दहाव्या दिवशी! १८०६ उजाडता उजाडता तो गुंडाळावा लागला. सोव्हिएत रशियाने १९२९ पासून आधी पाच आणि मग सहा दिवसांचा आठवडा चालवून पाहिला. कामगारांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे यंत्रं कधीच थांबायला नकोत. झालं काय, तर बापाची सुट्टी एका दिवशी आणि आईची दुसऱ्याच दिवशी. १९४० मध्ये पुन्हा सात दिवस आले. सुट्टी नुसती मिळून भागत नाही, ती सगळ्यांना मिळून घेता आली पाहिजे.

आता मूळ मुद्द्यावर येते. शब्बाथशाळेत ती आज्ञेतली यादी मी वाचून दाखवली, तेव्हा चौथीतली एक मुलगी बोटं मोजत होती. ती उठून म्हणाली, "बाई, यात बैल आहे. पण आई नाहीच!"

सगळे हसले. मग हळूहळू हसू थांबलं. कारण खरंच नाही. मुलगा आहे, मुलगी आहे, दास-दासी आहेत, जनावरं आहेत. बायकोचं नाव नाही.

मी मुलांना विचारलं, तुमच्या घरी रविवारी कोण काय करतं? उत्तरं ऐकण्यासारखी होती. "पप्पा उशिरा उठतात." "दादा क्रिकेटला जातो." "आजोबा पेपर वाचतात." आणि आई? आई पाचला उठते. पाणी भरते, वाटण वाटते, मटण शिजत टाकते, सगळ्यांच्या अंघोळी उरकते, इस्त्री करते. चर्चला पोहोचते तेव्हा दुसरं गीत संपत आलेलं असतं. दाराजवळच बसते, कारण उपासना संपल्याबरोबर घर गाठायचं असतं, पाहुणे जेवायला असतात. मग भांडी, मग शाळेचे गणवेश, मग सोमवारच्या डब्याची तयारी. रविवारी आपल्याला चमचमीत खायचं असतं, म्हणून तिला रोजच्यापेक्षा जास्त काम! एक छोटा म्हणाला, "आईला रविवार नसतोच."

आता त्या मुलीला उत्तर काय द्यायचं? बायबलचे अभ्यासकही या प्रश्नावर थांबलेले आहेत, आणि बरेचजण जे सांगतात ते मला पटतं. आज्ञा सुरू होते 'तू' या शब्दाने. हा 'तू' म्हणजे घरचा बाप, असं आपण न बोलता धरून चालतो. पण निर्मितीच्या गोष्टीकडे परत जा. देवाने आपल्या प्रतिरूपात माणूस केला, तो नर आणि नारी असा दोघांना मिळून. पृथ्वीची जबाबदारी दिली तीही दोघांना. मग आज्ञेतला 'तू' एकट्या बापाचा कसा? आई त्या 'तू'मध्येच आहे. म्हणून ती यादीत वेगळी नाही. तिला कुणी सुट्टी 'द्यायची' नाही, ती तिचीच आहे. आणि ती जर दिवसभर चुलीपाशी उभी असेल, तर त्या घरात आज्ञा मोडली गेली, मग बाकीच्यांनी उपासनेत कितीही सुरेल गायिलेलं असो.

पालकहो, तुम्हाला हे कडक वाटेल. पण आपल्याकडे रविवारची सुट्टी कशी आली, तेही बघा. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. लोखंड्यांनी कामगारांना एकत्र करून वर्षानुवर्षं अर्ज केले, सभा घेतल्या. एप्रिल १८९० मधल्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियांनीही उभं राहून भाषणं केली. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. रविवार हा खंडोबाचा वार, तो मोकळा मिळावा, असंही त्या मागणीमागे होतं असं सांगतात. पण घाण्याला जुंपलेल्या माणसाला एक दिवस सोडवायचं, हे तेच काम झालं. २००५ मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. तिकीट जमवणाऱ्यांनी शोधावं. त्या दोघी भाषणं करून घरी गेल्यावर सुट्टीच्या रविवारी चूल कुणी पेटवली असेल, हा विचार माझ्या मनात येतोच.

याचा अर्थ रविवारी कुणी बोटही हलवायचं नाही, असा नाही. येशूच्या काळात शब्बाथाचे नियम इतके काटेकोर झाले होते की भुकेल्या शिष्यांनी चार कणसं खुडली, तर लोकांनी बोट दाखवलं. येशूने शब्बाथ दिवशीच वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं केलं आणि सांगितलं की हा दिवस माणसासाठी आहे, माणूस त्या दिवसासाठी नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत उभ्या केलेल्या इस्पितळासारख्या किती इस्पितळांत आपल्या ख्रिस्ती घरांतल्या आया-मावश्या परिचारिका आहेत! रुग्ण काही रविवार बघून आजारी पडत नाही. त्यांचा शब्बाथ बुधवारी येईना का, पण येऊ द्यावा.

आणखी एक गोम आहे. पुष्कळ घरांत आईला विसावा मिळतो तो भांडीवाल्या मावशी रविवारीही येतात म्हणून. यादी पुन्हा वाचा. दासी त्यात आहे, अगदी स्पष्ट शब्दांत! पगार न कापता मावशींना रविवार द्या आणि भांडी घरातल्यांनी वाटून घासा.

मुलांच्या रविवारबद्दलही बोलायला हवं. शिष्यवृत्तीचे जादा तास, सराव परीक्षा, अबॅकस, सगळं रविवारी. तिसरीतली पोरं सोमवारी माझ्या वर्गात जांभया देत बसतात. आणि क्लास नसेल तेव्हा मोबाईल. मोबाईल बघणं म्हणजे थांबणं नव्हे, त्यात डोळे आणि अंगठा सारखे कामालाच असतात.

त्या तासानंतर मी मुलांना गृहपाठ दिला होता, पुढच्या रविवारी घरी काय घडलं ते येऊन सांगायचं. एक युक्तीही सांगितली. रानातून चालताना इस्राएली लोकांना रोज मान्ना नावाचं अन्न मिळे. सहाव्या दिवशी ते दुप्पट मिळे, म्हणजे सातव्या दिवशी गोळा करायला नको. शिवाय निर्मितीच्या गोष्टीत प्रत्येक दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. म्हणून ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताच सुरू होतो. तेव्हा आपलीही तयारी आदल्या संध्याकाळीच उरकलेली बरी.

बातम्या गमतीदार आल्या. दोन घरांत शनिवारीच कांदा चिरून, मसाला भाजून, कपडे इस्त्री करून ठेवले होते. एका घरी रविवारी नुसती खिचडी आणि लोणचं केलं. तिथल्या आजी रागावल्या, "पाहुण्यांपुढे खिचडी ठेवता?" एका वडिलांनी भाकरी थापली. मुलगा म्हणाला, "नकाशा झाला बाई, पण खाल्ली." एका घरी काहीच झालं नाही, त्या मुलाने खाली बघून तेवढंच सांगितलं. आणि त्या बोटं मोजणाऱ्या मुलीची आई म्हणे अर्धा तास खुर्चीत बसली आणि मग उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. म्हणाली, "मला नुसतं बसवत नाही गं." तेव्हा मुलगीच तिच्याशेजारी जाऊन बसली आणि घड्या घालता घालता दोघींनी गप्पा मारल्या. याला सुट्टी म्हणायचं की काम, यावर वर्गात बराच वाद झाला. माझं मत मी सांगितलं नाही.

पुढच्या अंकात दुसऱ्या दिवसाकडे वळू. मूळ हिब्रू पाठात त्या एकाच कामाच्या दिवशी 'चांगलं' हा शब्द येत नाही. पहिल्या दिवशी आहे, तिसऱ्या दिवशी तर दोनदा आहे, दुसऱ्या दिवशी मात्र नाही. का बरं नसेल? घरी विचारा, विचार करा आणि मला पत्राने कळवा. रविवार पहिला धरला, तर दुसरा दिवस सोमवार येतो. पण शाळेचा सोमवार आठवून उत्तर लिहू नका हं!